शेवटचा हात

रणगाड्याचं डोकं आणि धड यांच्यामध्ये एक फट असते. तोफ ज्यात बसवलेली असते ते डोकं चारी दिशांना फिरायला हवं, म्हणून ते धडाला जखडून टाकता येत नाही. आणि जे फिरतं त्याच्याभोवती फट ही आलीच. पुढच्या अंगाला हातभर जाडीचं चिलखत असतं. त्यात पोलाद असतं, पोलादाच्या पोटात आणखी कसले कसले थर असतात, त्यांची नावं आम्हा कामगारांनाही सांगत नाहीत. समोरून आलेल्या गोळ्याला ते चिलखत दाद देत नाही. पण फटीचं तसं नाही. तिच्यात माझी करंगळीसुद्धा शिरत नाही आणि पाणी मात्र खुशाल शिरतं. माझे दाजी गेली कित्येक वर्षं ती फट बुजवण्याचं काम करतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारखान्यात त्यांना सगळे टिपूस म्हणतात. मूळ नाव हजेरी घेणाऱ्यालाही आठवावं लागतं. कुठलंही काम झालं की त्यांचा एकच प्रश्न असतो, ‘टिपूस नाही ना?’ धडात पाण्याचा टिपूस नाही ना, इंजिनाखाली तेलाचा टिपूस नाही ना, आणि जेवायच्या सुट्टीत माझ्या डब्यातून रस्स्याचा टिपूस नाही ना, कारण माझा डबा त्यांच्या पिशवीला टेकलेला असतो.

माणसानं काळजी करावी, मी नाही म्हणत नाही. पण दाजींना सुट्टी म्हणून नाही. घरातून निघताना नळ बघायचा, गॅस बघायचा, परत नळ बघायचा. कारखान्याची बस कोपऱ्यावर भोंगा वाजवते आहे आणि हे गृहस्थ पुन्हा जिना चढताहेत, हे आमच्या गल्लीला पाठ आहे. ताई वरून सांगते, ‘अहो, मी घरातच आहे, तुम्ही कुलूप लावलेलंच नाही.’ तरी ते दार एकदा ढकलून बघतात आणि मग बसमध्ये माझ्या शेजारी येऊन धापा टाकतात. मी खिडकीबाहेर बघतो, कारण बोललो तर भांडण होईल.

मी त्याच कारखान्यात ओढगाडीवर आहे. बंद पडलेला, चिखलात रुतलेला रणगाडा पोलादी दोरानं ओढून काढायचा, हे माझं काम. मला राग यायला वेळ लागत नाही आणि जायलाही लागत नाही. ताई म्हणते, आम्हा दोघांना एकत्र कालवलं असतं तर दोन नीट माणसं निघाली असती.

आता गाडीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. साठ टनांच्या वरचं धूड, आणि त्याला दीड हजार घोड्यांचं इंजिन. मोकळ्या रानात ते अशा वेगानं पळतं की बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. तोफेची गंमत तर विचारू नका. कोंबडीला हातात धरून अंग हलवलं तरी तिचं डोकं जागच्या जागी राहतं ना, तशी ही तोफ. गाडी खाचखळग्यातून उसळत चालली तरी नळी निशाणावरून ढळत नाही. काळोखात लांबवर उभ्या माणसाच्या अंगाची ऊब दाखवणारी दुर्बीण आहे. दारूगोळा वेगळ्या कप्प्यात ठेवलेला असतो. त्याला आग लागली तर कप्प्याचं झाकण वर उडून जातं आणि आतली माणसं वाचतात. ज्यानं कुणी हे योजलं त्यानं माणसांचा विचार केला होता, एवढं मी म्हणेन.

आणि ही गाडी पाण्याखालून जाते. नदी आडवी आली तर पूल शोधत हिंडायचं नाही, तळावरून चालत पलीकडे निघायचं. डोक्यावर एक उंच नळकांडं चढवतात, त्यातून इंजिन आणि माणसं श्वास घेतात. बाकी सगळी भोकं, जाळ्या, झाकणं बंद करतात. फटीत आतून रबराची पट्टी बसते, तिच्यावर पोलादाची पट्टी, तिच्यावर गोल ओळीनं बोल्ट. ती दाजींची करामत.

यातली भीतीची गोष्ट अशी. पाण्याखाली गाडी बंद पडली तर झाकण उघडून बाहेर येता येत नाही. वरून पाण्याचा एवढा दाब असतो की पैलवानालाही ते झाकण हलत नाही. मग काय करायचं, तर तोंडाला हवेचा मास्क लावायचा आणि गाडीत पाणी भरू द्यायचं. आत-बाहेर पाणी सारखं झालं की झाकण उघडतं. म्हणजे दार उघडायच्या आधी बसल्या जागी बुडायचं. ही गोष्ट दाजींना पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि मला वाटतं त्यांचं डोकं तिथूनच बिघडलं.

कारखान्याच्या मागे चाचणीचा हौद आहे. दोन्हीकडे उतार, मधे खोल. प्रत्येक नवी गाडी त्यातून आरपार जावी लागते. आणि आमच्याकडे एक पद्धत आहे, ती कुठल्याही नियमात लिहिलेली नाही, पण कुणी मोडत नाही. पट्टीला ज्याचा शेवटचा हात लागला, त्यानं चाचणीच्या वेळी आत बसायचं. आपण बुजवलेल्या फटीखाली दुसऱ्याला बसवायचं नाही. साहेब बदलले, गाड्यांचे नमुने बदलले, ही पद्धत राहिली. त्यामुळे दाजी इतकी वर्षं प्रत्येक गाडीत बसत आले. त्या दिवशी सकाळी ते काही खात नाहीत. चेहरा असा होतो की नवीन माणसाला वाटावं, ह्यांना फाशीला नेताहेत. पण बसतात. एकदाही टाळलं नाही. मी काठावर ओढगाडीत, दोर रणगाड्याच्या मागच्या आकड्यात अडकवलेला, आणि आत माझ्या बहिणीचं कुंकू. मला काय वाटत असेल ते मी कधी कुणाला सांगितलं नाही.

दाजींना एकच मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती लहानपणापासून एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नाही. तंत्रशाळा शिकून ती आमच्याच कारखान्यात लागली, दुर्बिणींच्या विभागात. तिथे पांढरे कपडे, गार हवा, धुळीचा कण चालत नाही. दाजींना स्वर्ग हाताला लागला. वर्षभर ते माणसासारखे जेवले. मग एक दिवस पोरीनं येऊन सांगितलं, ‘मी बदली मागितलीय. तुमच्या विभागात.’

दाजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिला घेऊन धडाशेजारी बसले आणि शिकवायला लागले. शिकवताना मात्र त्यांनी हातचं राखून ठेवलं नाही. ‘रबर दाबायचं असतं, चिरडायचं नसतं,’ हे मी त्यांच्या तोंडून इतकं ऐकलंय की झोपेत म्हणेन. कमी आवळलं तर पाणी येतं, हे कुणालाही कळतं. पण जास्त आवळलं तरी येतं. एका बाजूचे बोल्ट जास्त आवळले की पोलादाची पट्टी शेजारून उचलते, रबराला सुरकुती पडते आणि तिच्यातून पाणी वाट काढतं. म्हणून आवळायचं ते मापाच्या पान्यानं. त्याला तबकडी असते, किती जोर लागतोय ते काटा दाखवतो. काटा खुणेवर आला की हात काढायचा. भिंगरी पटकन शिकली. तिच्या बोटांत बापाची नजर होती आणि डोक्यात बापाची घालमेल नव्हती.

मग एका गाडीची पट्टी साहेबांनी तिच्या एकटीच्या नावावर दिली. त्या रात्री मी ताईकडे जेवायला होतो. दाजी ताटात बोटं फिरवत बसले होते.

‘मी काय म्हणतो,’ ते म्हणाले, ‘तू बसव पट्टी. सगळी तूच बसव. शेवटी मी एक बोल्ट नुसता चाचपतो. म्हणजे शेवटचा हात माझा झाला. मी बसतो आत.’

‘आणि मी?’ भिंगरी म्हणाली.

‘तू काठावर मामाजवळ उभी राहा. चहा पी.’

ताई म्हणाली, ‘अहो, जेवा आधी.’

भिंगरीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. ‘बाबा, सगळा विभाग बघतोय. टिपूसची पोरगी आत बसते की बापाला बसवते, एवढंच बघतोय. तुम्ही त्या पट्टीला हात लावलात ना, तर मी तुमच्याशी बोलणार नाही. गंमत नाही करत मी.’

‘बरं,’ दाजी म्हणाले. मला त्यांचं ते ‘बरं’ आवडलं नाही. वाद घालणारा माणूस एका शब्दात ऐकतो तेव्हा मला संशय येतो.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं पट्टी पुरी केली, हात पुसले आणि मैत्रिणींबरोबर आधीच्या बसनं घरी गेली. आमची बस सुटायची वेळ झाली तरी दाजींचा पत्ता नाही. मी शेडमध्ये गेलो. वरची क्रेन थांबलेली, माणसं पांगलेली, रंगाचा वास कोंडलेला. हाक मारली तशी दाजी तिच्या गाडीच्या डोक्यातून वर आले, गुडघे धरत खाली उतरले.

‘पोरीच्या कामावर हात फिरवून आलात काय?’ मी विचारलं.

‘नुसतं बघितलं,’ ते म्हणाले. ‘चांगलं केलंय रे. फार चांगलं केलंय.’

बसमध्ये ते धापा टाकत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे माझं काम ते करत होते.

दुसऱ्या दिवशी हौदावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. कामं काढून आली होती. चालकाच्या जागी उस्ताद, आमचा सगळ्यात जुना हात. नायकाच्या जागी बिनतारीवाला. आणि तोफेच्या डावीकडे, गोळा भरणारा बसतो तिथे, भिंगरी. झाकणात शिरताना तिनं एकदा बापाकडे बघितलं. दाजींनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्याला रंग नव्हता, पण तो चाचणीच्या दिवशी नसतोच, म्हणून कुणाला विशेष वाटलं नाही.

मी ओढगाडीत. दोर ढिला सोडलेला. शेजारी चाचणीसाहेब बिनतारीचा कर्णा हातात घेऊन उभे. हा मनुष्य कमी बोलतो, आणि त्याचं मला नेहमी बरं वाटतं. गाडी उतारावरून गेली, पट्टे बुडाले, धड बुडालं, तोफ बुडाली. वर ते नळकांडं राहिलं आणि धुराचे बुडबुडे.

‘कोरडं आहे,’ भिंगरीचा आवाज आला. लोकांनी अंग सैल सोडलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘डावीकडे थेंब आहे.’

‘किती?’ साहेबांनी विचारलं.

‘मोजता येतील एवढे.’

दाजी माझ्या गाडीच्या पायरीजवळ उभे होते. त्यांनी पायरीचा गज धरला. साहेब म्हणाले, ‘पुढे चला, पण नजर ठेवा.’

मग ती म्हणाली, ‘आता मोजता येत नाहीत.’

इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला आधी अर्थच लागला नाही. लगेच, ‘धार लागली. माझ्या मानेवर येतेय. खाली विजेच्या पेटीवर पडतेय.’ आणि मग उस्तादांचा आवाज, ‘इंजिन गेलं.’

बुडबुडे थांबले. पाणी सपाट झालं.

‘मास्क लावा,’ साहेब म्हणाले. ‘गाडी मोकळी सोडा. ओढतोय.’ माझ्याकडे बघून त्यांनी नुसता हात वर केला.

मास्क लावला की बोलता येत नाही. कर्ण्यातून नुसती खरखर. मी दोर ताणायला घेतला आणि समोर बघतो तर दाजी पाण्यात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोन्ही हातांनी दोर ओढताहेत. साठ टनांची गाडी, आणि हा माणूस उघड्या हातांनी ओढतोय. ताणलेला पोलादी दोर तुटला तर जवळच्या माणसाचे दोन तुकडे होतात. ते तिथे असेपर्यंत मला ओढता येईना. मी तोंडाला येईल ते ओरडलो. मेहुण्यानं दाजींना म्हणू नये असं पुष्कळ म्हणालो. ते ऐकेनात. शेवटी दोन वेल्डर पाण्यात शिरले आणि त्यांना बगलेत धरून बाजूला फरफटत घेऊन गेले, तेव्हा मी खटका ओढला. त्या वेळात आत केवढं पाणी चढलं असेल, याचा हिशोब मी अजूनही करतो.

दोर ताणला गेला. गाडी हलेना. माझ्या गाडीचं नाक उचललं, पट्टे जमिनीत रुतले. मग एक झटका बसला, आणि पाणी फुगून मधे डोक्याची कड दिसली.

झाकण उघडून आधी बिनतारीवाला आला, मग भिंगरी. कमरेपर्यंत पाण्यात बसली होती. केस मानेला चिकटलेले, मास्क गळ्यात, ओठ निळे. उस्ताद पुढच्या झाकणातून आले आणि उतारावर बसून राहिले. सगळे धड होते. मी दोराचा ताण सोडला आणि ओढगाडीतून उतरलो.

साहेबांनी तिला पांघरूण दिलं, चहा दिला आणि मग विचारलं, ‘काय झालं?’

‘डावी बाजू सुटली,’ ती म्हणाली. दात वाजत होते. ‘काम माझं आहे. मी मापानं आवळलं होतं, पण कुठेतरी चुकले असणार.’

‘तिचं नाही चुकलं.’ दाजी पुढे आले. अंगातून पाणी निथळत होतं, तळहात सोलले होते. ‘मी आवळले. काल. ती गेल्यावर. डावीकडचे.’

मागे कुणीतरी हळूच हसलं. वाईट मनानं नाही. दया येऊन हसतात तसं. चाचणीसाहेबांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. ‘टिपूस,’ ते म्हणाले, ‘पोरीचं किती दिवस अंगावर घेणार? घरी जा, कपडे बदला.’

‘खरं सांगतोय साहेब.’

‘बरं, खरं. जा आता.’

हे मी डोळ्यांनी बघितलं. जन्मभर ज्यानं नळ तीनदा बघितला, तो माणूस जेव्हा खरी चूक कबूल करत होता, तेव्हा ती त्याची मायाच आहे असं सगळ्यांना वाटलं. खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं, मी सांगितलंही, ‘साहेब, काल हे गाडीतून उतरताना मी बघितलंय.’ साहेब म्हणाले, ‘तू त्यांचा मेहुणा आहेस.’

सगळ्यात वाईट भिंगरीचं झालं. तिनं पांघरूण अंगाभोवती घट्ट ओढून घेतलं. ‘बाबा, गप्प बसा,’ ती म्हणाली. ‘मी आत बुडत होते तेव्हाही मला इतकी लाज वाटली नव्हती.’

दाजी म्हणाले, ‘मापाचा पाना आण. तूच आण. सोडून बघ.’

ती हलेना. साहेबांनीच पाना मागवला. कारण शोधायचं तर पट्टी उघडावीच लागणार होती. ती ओल्या कपड्यांनी परत गाडीत शिरली. साहेब झाकणातून वाकले, मी त्यांच्या शेजारी. तिनं उजवीकडून सुरुवात केली. पाना लावला, ओढला. काटा खुणेच्या जवळपास आला आणि बोल्ट सुटला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. मागच्या बाजूचे तसेच. मग ती डावीकडे आली, आणि काटा खूण ओलांडून पुढे गेला. ती थांबली. पाय रोवून दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा तो बोल्ट कर्रकन सुटला. पुढचा तसाच. असे ते होते तरी किती, तर ती बसली होती तिथे बरोबर तिच्या डोक्यावर जेवढे येतात तेवढे. त्याच्या अलीकडचे नाहीत, पलीकडचे नाहीत.

साहेब सरळ झाले. त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. रबराला सुरकुती पडली होती, ती आता वरूनही दिसत होती.

भिंगरी बाहेर आली. दाजी खाली उभे होते.

‘तुम्हीच मला शिकवलंत,’ ती म्हणाली.

‘मला कळत होतं गं. कळत होतं, तरी हात थांबेना. पहिल्याला जरा दिला. मग वाटलं, शेजारचा राहिला.’

‘म्हणजे शेवटचा हात तुमचा होता.’

‘हो.’

‘आणि आत बसले मी.’

दाजींनी मान खाली घातली. ‘सांगितलं असतं तर तू बोलली नसतीस माझ्याशी,’ ते म्हणाले. पोराटोरासारखं उत्तर होतं ते, आणि तेच खरं होतं. इतकी वर्षं जी पद्धत त्यांनी भीतीनं पांढरे पडूनही मोडली नाही, ती मोडली कुणासाठी, तर जिच्यासाठी मोडायला नको होती तिच्यासाठी. मी त्या क्षणी त्यांच्यावर इतका चिडलो होतो की त्यांना परत हौदात ढकललं असतं. आणि त्याच वेळी मला त्यांना घट्ट धरावंसंही वाटलं. दोन्हीतलं मी काही केलं नाही.

पुढचे दिवस त्या घरात वाईट गेले. भिंगरी बोलली नाही. ताट वाढून घ्यायची, जेवायची, उठायची. ताई मला म्हणाली, ‘हे आता नळसुद्धा बघत नाहीत रे. मला भीती वाटते.’ साहेबांनी दाजींना पट्टीच्या कामावरून काढलं नाही, पण भिंगरीच्या गाडीला नवं रबर दिलं आणि ते तिनंच बसवायचं असं ठरवलं. ती ते काम करायची तेव्हा दाजी शेडच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून बसायचे.

परत चाचणीचा दिवस आला. या वेळी बघायला कुणी नव्हतं. साहेबांनीच येऊ दिलं नव्हतं. मी दोर अडकवला, खेचून बघितला, आणि काय सांगू, पुन्हा एकदा खेचून बघितला. दाजी माझ्या पायरीजवळ येऊन उभे राहिले. मी म्हणालो, ‘आज पाण्यात उतरलात तर मी खरंच दोर ओढीन.’ त्यांनी मान डोलावली.

उस्ताद चढले, बिनतारीवाला चढला. भिंगरी गाडीच्या पट्ट्यावर एक पाय ठेवून थांबली. मग खाली उतरली आणि आमच्याकडे चालत आली. जवळ आली तेव्हा दिसलं, तिचा चेहरा बापासारखा झाला होता. अगदी चाचणीच्या सकाळचा बाप. आधी तिला पाण्याखालचं माहीत होतं ते ऐकून. आता मानेवर धार पडून माहीत होतं.

‘बाबा,’ ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी हा शब्द निघाला. ‘मला भीती वाटतेय. एकदा बघता का?’

मी दाजींकडे बघितलं. या माणसानं या एका वाक्यासाठी आपलं उरलेलं आयुष्य आनंदानं दिलं असतं. त्यांचा उजवा हात पुढे आलाच होता. तो त्यांनी डाव्या हातानं धरला.

‘तू बघितलंस?’

‘हो. दोनदा.’

‘काटा खुणेवर होता?’

‘सगळ्यांचा.’

‘मग मी नाही बघत,’ दाजी म्हणाले. ‘मला तुझ्यापेक्षा जास्त काही कळत नाही आता. जा, बस.’

मला वाटलं ती रडेल, किंवा चिडेल. तिनं नाक ओढलं, वळली आणि चढली. झाकण बंद झालं.

गाडी उतारावरून गेली. पट्टे, धड, तोफ, सगळं बुडालं. माझा हात खटक्यावर, दाजींचा हात अजून त्यांच्याच हातात. बुडबुडे पुढे सरकत होते. कर्णा नुसता खरखरत होता, आणि ती खरखर संपेना. दाजींचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मला एकदा वाटलं ते ‘ओढ’ म्हणताहेत. त्यांनी म्हटलं असतं तर मी ओढलं असतं, आणि पोरीचं काम तिथेच बुडालं असतं. ते म्हणाले नाहीत.

‘निम्म्यावर आलो,’ भिंगरीचा आवाज आला. ‘कोरडं आहे.’

साहेबांनी श्वास सोडला. मी हसून दाजींचा खांदा हलवला. ‘ऐकलंत का? कोरडं आहे म्हणतेय.’

‘ऐकलं,’ दाजी म्हणाले. त्यांनी बुडबुड्यांवरची नजर काढली नाही. ‘अजून निम्मं राहिलंय.’